एक ऑगस्टपर्यंत ठणठणीत

४ मे, सकाळी ८

डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली आहे. कंबर कधी कुरकुरते, किती वेळ, आणि दहापैकी किती मार्क. त्यांची वही वेगळी केली, तिच्यात नुसते आकडे. ही दुसरी माझी स्वतःची. हिला कुणी हात लावायचा नाही. टेलरिंगच्या दुकानात सगळ्यांचं सगळं मापात लिहिलेलं असतं. मालकाची निदान एक वही अघळपघळ असावी.

पार्श्वभूमी: गेल्या वर्षी जानेवारीत सुटिंगचा गठ्ठा उचलताना कंबरेत उसण भरली. बस, एवढंच. उसण येते, चार दिवस राहते, जाते. माझी जरा रेंगाळली आहे. सोळा महिने झाले.

आजचे मार्क तीन. सात लिहिले असते तर डॉक्टरांनी पुन्हा तेच भाषण दिलं असतं, की ही पूर्ण जायची नाही, हिच्यासोबत राहायला शिका, अर्ध्या तासाच्या वर उभे राहू नका. त्यांना उगाच कशाला ताण द्या. भला माणूस आहे.

९ मे, संध्याकाळी

मुंगीला प्रवेश मिळाला!

मुंगी म्हणजे आमची लेक. जन्मली तेव्हा एवढीशी होती आणि तेव्हापासून एक मिनिट स्वस्थ बसलेली नाही. कोर्स कृत्रिम हात-पाय बनवायचा. चार वर्षं, रेल्वेने सात तास लांब, होस्टेल. फक्त वीस जणांना घेतात आणि यादीत ही अकरावी. शेजारच्या घड्याळजींना जाऊन सांगितलं, शिंप्याची पोर आता पाय शिवणार. ते जरा उशिरा हसले.

एक ऑगस्टला हजर व्हायचं.

मुंगीने पेढा तोंडात असतानाच विचारलं, बाबा, दुकानाचं काय? आमचं दुकान असं चालतं: मापं आणि कटिंग माझं, शिलाई बायकोची, काजं-बटणं-इस्त्री मुंगीची. गेल्या वर्षभरात माझ्यातलंही थोडं मुंगीने उचललं आहे, आवड म्हणून. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, एक ऑगस्टपर्यंत बाप ठणठणीत. तू निर्धास्त जा. बायको पेढ्यांचा पुडा घेऊन आत गेली. आनंदाश्रू पुसायला असणार.

१० मे, सकाळी ६

संकल्प. व्यायामवाल्या डॉक्टरीणबाईंनी दिलेले सात व्यायाम रोज दोनदा. गोळ्या अर्ध्यावर. दुकानात नऊ ते आठ उभं. सबबी बंद.

६.२०. पहिला व्यायाम झाला.

७.१५. अजून जमिनीवरच आहे. उठण्याची घाई नाही. पलंगाखाली भयंकर धूळ आहे, बायकोला सांगायला हवं.

७.४०. सांगितलं. तिने आधी मला काखेत हात घालून उठवलं आणि मग झाडू आणायला गेली.

१७ मे

आज एक शोध लागला. सव्वीस वर्षांत कसा लागला नाही याचंच नवल.

पँटचं माप घ्यायचं तर टेप कमरेपासून सोडायचा आणि खाली बसून टाचेशी आकडा वाचायचा. प्रत्येक गिऱ्हाइकामागे एक बैठक. ही बैठक मला सध्या सोयीची नाही. पण मी म्हणतो, हवीच कशाला? ज्याने आयुष्यभर माणसं मोजली त्याला माणूस दारातून आत आला की लांबी कळते. आज तिघांची कंबर टेपने घेतली आणि लांबी नजरेने. मी आकडा मोठ्याने सांगतो, मुंगी लिहिते. एकदा तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, लिही. तिने लिहिलं.

मार्क दोन. (डॉक्टरांच्या वहीत.)

२४ मे

कमाल आहे. बायकोने माझ्या अपरोक्ष एक कारागीर बघून ठेवला. मेहुण्याच्या ओळखीचा. तो मापं घेणार, अर्धा दिवस कटिंग करणार, आणि मी काउंटरला खुर्चीत बसून पावत्या फाडायच्या. पावत्या! म्हणजे मुंगी निश्चिंत जाईल, म्हणाली.

परवा आला बिचारा. एक शर्ट कापायला दिला. कात्री अशी धरली होती जणू भाजी चिरायला बसलाय. मुंगी म्हणाली, बाबा, त्यांनी चांगलं कापलंय की. पोर लहान आहे, तिला काय कळतं. चहा पाजून कारागिराला वाटेला लावलं. माझं टेबल आहे ते, मी उभा असताना तिथे दुसरा कशाला? जाताना म्हणाला, मास्तर, कंबरेला जपा. आगाऊ कुठला.

बायको दोन दिवस मोजकंच बोलते आहे. शांत वाटतं घरात.

२ जून

दुकानातलं तिसरं मशीन विकलं. बायको म्हणाली, उगाच जागा अडवतंय. मलाही ते पटलं. चार महिन्यांची औषधं, पाठीचे दोन एक्स-रे फोटो काढायचे, कंबरेचा नवीन पट्टा, हे सगळं एकदम आलं होतं, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही. दुकान कसं मोकळं दिसतंय.

बायकोने हल्ली पहाटे चारला उठायचा छंद लावून घेतला आहे. कुठल्या तरी हॉटेलचे वेटरचे कोट शिवायला आणते. छंद असावा माणसाला. मशीनच्या आवाजाने मला जाग येते, पण मी तसाही जागाच असतो.

८ जून

भाच्याचं लग्न. गेलो. जायलाच हवं, लोक काय म्हणतील.

लोक हे म्हणाले: एकजण म्हणाला, दिसता तर पैलवान! दुसऱ्याने तेल सांगितलं. तिसऱ्याने दुसऱ्याचं तेल सोडून वेगळं तेल सांगितलं. एका बाईने सांगितलं की तिच्या दिरालाही असंच होतं, ते सगळं मनाचं निघालं. नवरदेवाच्या काकाने हळूच विचारलं, काम टाळायला बरं पडत असेल नाही? मी जोरात हसलो. सगळ्यांत मोठा हसण्याचा आवाज माझाच होता.

जेवणाच्या पंगतीला बसणं जमलं नाही. बाजूच्या खोलीत गाद्यांचा ढीग होता, त्यावर पडून राहिलो. फोटोत मी नाही. बायकोही नाही, ती माझ्याजवळ ताट घेऊन बसली होती. नवी साडी नेसली होती. कोणी पाहिली नाही.

पुढच्या वेळी अख्खा कार्यक्रम उभा राहणार.

१४ जून, शनिवार

घड्याळजींकडे शनिवारी पत्त्यांचा डाव बसतो, वीस वर्षं. मी दर दहा मिनिटांनी उठून भिंतीला टेकतो, मधूनच जमिनीवर आडवा होऊन पानं टाकतो. कोणाची काही हरकत नव्हती. गेले तीन शनिवार घड्याळजी म्हणतायत, डाव बंद केलाय हो, कोणाला वेळ नाही.

आज त्यांच्या दारावरून गेलो तर आत चौघांचा हसण्याचा आवाज. लक्षात आलं. माझ्याशिवाय सराव करतायत. मी परत आलो की मला हरवायचा बेत आहे. करा म्हणावं सराव.

दारात थांबलो नाही. उभं राहायचं नव्हतं म्हणून.

१६ जून

ऑर्डर! बँडवाल्यांचे बारा गणवेश. लाल कोट, पांढऱ्या पँटी, सोनेरी पट्टी. बँडमास्तर स्वतः आले. बाराही वादक रांगेत उभे केले. कोटाची मापं टेपने घेतली, पँटींची लांबी एका नजरेत, धडाधड. ढोलवाला अमुक, बाजावाला तमुक. बँडमास्तर थक्क. म्हणाले, मास्तर, टेप नाही लावत? म्हटलं, तुम्ही कागद बघून वाजवता का?

मुंगी लिहिताना दोनदा थांबली. नंतर मला म्हणाली, आपण एकदा खात्री करून घेऊ या का, मी बसते खाली. म्हटलं, तू एक ऑगस्टची तयारी कर. बापावर विश्वास ठेव.

मार्क एक. उत्साहाने कंबर विसरलो. पाय मात्र संध्याकाळी बधिर होता, पण पायाचे मार्क डॉक्टरांनी विचारलेले नाहीत.

२९ जून

गणवेश गेले. आता दुकानाचं नाव गावभर वाजणार.

व्यायाम: या आठवड्यात एकदा. कामाचा व्याप.

३ जुलै

दुकानासमोरून बँड गेला. मी दारात उभा राहून पाहिला. कोट काय बसलेत! पँटी मात्र सगळ्यांच्या घोट्याच्या चार बोटं वर. बाराच्या बारा जणांचे काळे पायमोजे एका तालात दिसत होते. हल्ली अशीच फॅशन आहे बहुतेक. त्यांनी नंतर वर दुमडून घेतल्या असतील. रस्त्यावरची माणसं हसत होती. बँडने करमणूकच करायची असते.

दुपारी बँडमास्तर आले. बायकोने त्यांना आत येऊच दिलं नाही, बाहेरच कोपऱ्यावर नेलं. बराच वेळ बोलत होते, दोन्ही हात हवेत हलवत. सवय असते त्यांना. बायको परतली तेव्हा डोळे लाल होते. कौतुक ऐकायची सवय नाही तिला.

५ जुलै

मुंगीने एका कागदावर माझी सही घेतली. पालकांची लागते, म्हणाली. कॉलेजवाले सह्या फार मागतात. चष्मा आत राहिला होता, आणि आत जायचं म्हणजे तीन पायऱ्या. तिथेच टेबलाला टेकून केली. म्हटलं, अक्षर नीट आहे ना तुझं? हो म्हणाली. कागद घेऊन बराच वेळ तशीच उभी होती. म्हटलं, जा लवकर, पोस्ट बंद होईल.

बायको संध्याकाळी काहीतरी सांगायला आली होती. म्हटलं, घरगुती विषय एक तारखेनंतर. आत्ता माझं सगळं लक्ष तब्येतीकडे आहे.

१२ जुलै

एक गंमत दिसते. मी मापं घेतली की गिऱ्हाईक जाताना मुंगीबरोबर पडद्यामागे जातं आणि दोन मिनिटांनी बाहेर येतं. प्रत्येक जण. आतला आरसा लोकांना फार आवडलेला दिसतो. पुढेमागे मोठा बसवू.

महिन्यात एकही तक्रार नाही. नजर म्हणजे नजर.

२० जुलै, दुपारी

छोटासा अडथळा. कोटाच्या कापडावर खडूने खुणा करत वाकलो तो वाकलोच. पाठ सरळ होईना. वेळ वाया घालवण्यापेक्षा तसाच टेबलावर, कापडावर आडवा झालो. तेवढ्यात गिऱ्हाईक. बायको म्हणाली, मास्तर कापड बघतायत. खरंच बघत होतो. इतक्या जवळून मी कापड कधी पाहिलं नव्हतं. वीण उत्तम होती. त्यावर घामाचा डाग पडला, तेवढा तुकडा भरून द्यावा लागेल.

मुंगीने आणि हिने दोघींनी मिळून उतरवलं. मुंगी फार हलक्या हाताने धरते. त्या कोर्सला अशीच मुलं हवीत.

बायको परत काहीतरी सांगायला लागली. मुंगीही दारात येऊन उभी राहिली. म्हटलं, एक तारखेनंतर सांगा ना. बारा दिवसांचा तर प्रश्न.

२८ जुलै

मुंगीचा पांढरा कोट पूर्ण केला. वर्कशॉपमध्ये लागेल तिला. एकट्याने. दहा मिनिटं उभं, वीस मिनिटं आडवं, असं करत नऊ दिवस. तिचं माप घ्यायची काय गरज, जन्मापासून बघतोय.

घालून दाखव म्हटलं. बाह्या मनगटाच्या वर चार बोटं. म्हणाली, बाबा, काम करताना बाह्या अशाच लागतात. किती विचार करते पोर. कोट काढताना तोंड फिरवून उभी होती.

बायकोला म्हटलं, मी स्वतः पोचवायला जाणार. सात तास काय मोठे. तिने कपाळाला हात लावला. मुंगी म्हणाली, बाबा, तुम्ही नका येऊ, खरंच नका येऊ. म्हटलं, लोकांच्या बापांनी पोचवायचं आणि तुझ्या बापाने खुर्चीत बसायचं?

३१ जुलै, सकाळी ६.३०, गाडीत

निघालो! शर्टाला इस्त्री स्वतः केली. टॅक्सीतून मुंगीची बॅग मीच उतरवली, एका हाताने. तब्येत एवढी सुधारली की बॅग पिसासारखी लागली. बायको दारात रडत होती. साहजिक आहे.

सीट खिडकीची. मुंगी समोर. मार्क शून्य. शून्य!

७.४५. जरा उभा राहतो. बाहेरचं छान दिसतं.

८.५०. अजून उभाच. डबा हलतो तसा डावा पाय आपोआप उचलला जातो. समोरचे गृहस्थ म्हणाले, बसा की. म्हटलं, हौस आहे.

९.३०. दोन गोळ्या.

१०.०५. आणखी एक. मुंगी माझा हात धरून आहे. लोक बघतायत. एका बाईंनी मुलाला उठवून जागा

३१ जुलै, दुपारी २, मधलंच कुठलं तरी स्टेशन, वेटिंग रूम

लिहितोय कारण छताकडे बघवत नाही.

मुंगीने आणि एका हमालाने मला गाडीतून उतरवलं. इथल्या बाकावर आडवं केलं. डोक्याखाली तिची बॅग दिली. बॅग फार मऊ लागली. विचारलं, पुस्तकं कुठायत? बूट, कपडे? म्हणाली, आत दोन चादरीच आहेत, बाबा.

मग तिने सांगितलं. खालच्या आवाजात, शेजारच्या बाकावरच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

प्रवेश तिने पाच जुलैलाच सोडला. त्या कागदावर सही माझीच. जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली, तीही आज निघाली असेल. बँडच्या बाराही पँटी बायकोने पुन्हा शिवून दिल्या, आपल्या कापडात. मेपासून प्रत्येक गिऱ्हाइकाचं माप ती पडद्यामागे दुसऱ्यांदा घेत होती. पण बँडवाले रांगेत उभे होते, त्यांना एकेकाला पडद्यामागे कसं न्यायचं, ते तिला तेव्हा सुचलं नाही. याबद्दल तिने माझी माफी मागितली. तिने!

विचारलं, मग माझ्याबरोबर गाडीत का बसलीस? म्हणाली, आई आणि मी किती वेळा सांगायला आलो, तुम्ही एक तारखेनंतर म्हणायचात. आणि आज सकाळी तुम्ही बॅग उतरवली तेव्हा तुमचा चेहरा इतका खूश होता, वाटलं, जितकं पुढे जाता येईल तितकं जाऊ. पुढचं मी काही ठरवलंच नव्हतं.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने पाण्याची बाटली उघडून दिली आणि रुमाल ओला करून माझ्या कपाळावर ठेवला.

म्हटलं, पुढच्या वर्षी. ती हो म्हणाली. मला उत्तर देताना ती जसं हो म्हणते तसंच म्हणाली.

परतीची गाडी पाचला आहे. हमाल तोपर्यंत थांबतो म्हणालाय.

२ ऑगस्ट, सकाळी

काल दिवसभर पडून होतो. त्या कारागिराचा विचार करत होतो. शर्ट चांगलाच कापला होता त्याने. कॉलर तर माझ्यापेक्षा नीट. त्याला ठेवला असता तर पोर काल तिथे हजर झाली असती. तिचं नाव घेऊन कोणीतरी हजेरी घेतली असती. मला खुर्चीत बसून पावत्या फाडाव्या लागल्या असत्या, एवढंच. बायकोला म्हटलं, त्याला पुन्हा विचार. म्हणाली, त्याला जूनमध्येच दुसरीकडे काम लागलं.

आज साडेआठला मुंगी दुकानाची किल्ली घेऊन निघाली. दारातून विचारलं, बाबा, कसं आहे? मजेत, हे तोंडापर्यंत आलं होतं.

म्हटलं, दुखतंय गं. फार दुखतं. एकोणीस महिने झाले, एक दिवस थांबलेलं नाही. मला वाकता येत नाही, उभं राहता येत नाही, आणि मला फार भीती वाटते.

रडलो. लेकीसमोर, मोठ्याने, आतून बायको धावत आली इतक्या मोठ्याने.

मुंगीने पायातल्या चपला काढल्या आणि माझ्याजवळ येऊन बसली. बायको दुसऱ्या बाजूला.

दुकान आज साडेदहाला उघडलं.